चाकांवरचा बंब

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी जो अभ्यंगस्नान करीत नाही तो नरकात जातो, असे लहानपणी आम्हांला सांगत असत. या हिशेबाने गेल्या दिवाळीत आमचे अख्खे कुटुंब नरकात गेले. स्थळ मात्र मोठे रमणीय होते. मुळशी तालुक्यातील कासारसाई. समोर धरणाचे पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, पूर्वेला तांबडे फुटत आलेले. आणि अशा मंगल वेळी अंगाला तेल-उटणे लावलेली सहा माणसे पाण्याची वाट पाहत पायरीवर, खुर्चीवर, पाटावर कुडकुडत बसलेली!

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी एक फिरते घर घेतले. इंग्रजीत त्याला मोटरहोम म्हणतात; आम्ही त्याचे नाव 'बिऱ्हाड' ठेवले आहे. मूळची ती प्रवासी गाडी. तिच्या आसनांच्या जागी कुणीतरी बिछाने, ओटा, कपाटे आणि कपाटाएवढीच एक न्हाणी बसविलेली. आम्ही ती दुसऱ्या हाताने घेतली. आता कुणी म्हणेल, ही साहेबी चैन मराठी माणसाला कशाला? पण चालते घर आपल्याला नवे नाही. देहू-आळंदीहून निघणाऱ्या दिंड्यांचे ट्रक पाहा. त्यांत भांडी, शिधा, अंथरुणे, तंबू सारा संसार असतो आणि मागून पाण्याचा टँकर चालतो. तिकडे इंग्लंडात डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्याने १८८५ साली 'वाँडरर' नावाचे घोड्यांनी ओढायचे घर घेऊन स्कॉटलंडपर्यंत मजल मारली, याचे त्या लोकांना केवढे कौतुक! आपल्याकडे वारकरी ते दर आषाढीला करतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा आमचे वेड आता अगदीच बिनसरकारी राहिलेले नाही.

तर गेल्या वर्षी दिवाळीची पहिली आंघोळ धरणाच्या काठी करायची असे ठरले. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या परवानगीने, बिऱ्हाड उभे केले. पहाटे साडेचारला चिरंजीवांनी न्हाणीतल्या गीझरचे बटण दाबले. दिवा लागला. एक मिनिट गेले, दोन गेली. मग इन्व्हर्टरने एक दीर्घ किंकाळी फोडली आणि दिव्यांसकट सारे काही थंड झाले. पुन्हा बटण, पुन्हा किंकाळी. तिसऱ्या खेपेस किंकाळी फोडण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नाही. पाण्याचा पंपही विजेचाच. त्यामुळे गरम तर राहोच, गार पाणीही येईना. शेवटी सौ.ने गॅसच्या शेगडीवर पातेल्या-पातेल्याने पाणी तापविले. टाकीतले पाणी झाकण उघडून तांब्याने उपसावे लागले. त्या साठ लिटरांच्या टाकीने चौथ्या आंघोळीलाच तळ दाखविला.

माझ्या आईला यंदा चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. तिला पहिला मान म्हणून पहिली बादली मिळाली. पण ती घाईत तापविलेली, जेमतेम कोमट. शिवाय त्या न्हाणीत बसायला जागा नाही. भिंतीवर उंच बसविलेला एक फवारा, त्याखाली उभे राहायचे. आईचे गुडघे उभ्याने आंघोळ करू देत नाहीत. तिने दाराच्या चौकटीला धरून कशीबशी चार तांबे अंगावर घेतले. तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. फराळाच्या वेळी मात्र चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाली, “पुढच्या वर्षी तुम्ही या हो. मी घरीच राहीन. घराला कुणीतरी हवंच.”

घराला कुणी नको असते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. म्हातारी माणसे 'मला त्रास होतो' असे म्हणत नाहीत, 'घराला कुणीतरी हवं' असे म्हणतात. आणि एकदा का ती घरी राहू लागली, की मग सगळ्याच सहलींत त्यांची एक जागा रिकामी राहू लागते. परत येताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही.

मी पस्तीस वर्षे बँकेत खातेवह्या लिहिल्या आहेत. यंत्रातले मला कळत नाही, पण जमाखर्च कळतो. घरी आल्यावर आठवीतल्या नातवाला समोर बसवून कागद घेतला. तुम्हीही घ्या, हिशेब सोपा आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीजमंडळाच्या बिलावरचा एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पहाटे टाकीतले पाणी २० अंशांवर होते. अंगाला सोसेल असे ऊन पाणी ४० अंशांचे. काटकसरीची एक आंघोळ १५ लिटरांत होते. म्हणजे १५ गुणिले २०, तीनशे किलोकॅलरी. सहा माणसांच्या अठराशे. युनिटांत सांगायचे तर दोनाहून थोडे अधिक.

आता जमेची बाजू. आमची बॅटरी बारा व्होल्टांची, दीडशे अँपिअर-तासांची. कागदावर १.८ युनिट. पण ती शिशाची आम्लाची बॅटरी. अर्ध्याहून अधिक रिकामी करीत गेले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती आले ०.९. त्यातून रात्रीचे दिवे, पंखा आणि लहानसा फ्रीज यांचा खर्च आधीच वजा झालेला. शिवाय दोन हजार वॅटचा गीझर बारा व्होल्टांच्या बॅटरीतून दर क्षणी १६५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढणार! आणि शिशाच्या बॅटरीकडून जितक्या घाईने मागावे तितके ती कमी देते. ज्याच्या खात्यात नव्वद रुपये आहेत त्याच्याकडून दोनशेंचा धनादेश वटवून घ्यायला आम्ही निघालो होतो. इन्व्हर्टर किंचाळला नसता तरच नवल.

“आजोबा, छतावर सोलर आहे ना?” नातू म्हणाला. आहेत, दोनशे वॅटचे दोन पत्रे आहेत. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून दीड युनिट पदरात पडतो. पण तेवढा तर फ्रीज, पंखा आणि तुझ्या मोबाइललाच लागतो. तात्पर्य, विजेवर पाणी तापवायचे हा मार्ग आमच्या ऐपतीबाहेरचा होता.

मग चिरंजीवांनी दुसरा मार्ग काढला. न्हाणीत गॅसचा गीझर बसवू. बटण दाबताच मिनिटाला सहा लिटर कढत पाणी. मला ते पटले होते, हे कबूल करतो. सूनबाईंनी मात्र ठाम नकार दिला. त्या रसायनशास्त्र शिकवितात. त्यांनी आम्हां दोघांना पुन्हा तोच कागद घ्यायला लावला. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारी ज्योत काही लहान नसते. आमच्या न्हाणीत हवा किती? लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार जेमतेम दीड-पावणेदोन घनमीटर. तेवढी हवा ती ज्योत आठएक मिनिटांत संपवील. संपण्याच्या पुष्कळ आधीच प्राणवायू अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणाऱ्याला थोडे डोके दुखल्यासारखे, थोडे गळून गेल्यासारखे वाटते, आणि कडी आतून लावलेली असते. घरांच्या न्हाण्यांतून असे मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही; गाडीच्या तळाशी, बिछान्यांखाली साचून राहतो. “आजी कडी लावून आत बसणार आणि आपण बाहेर फराळ मांडणार,” सूनबाई म्हणाल्या, “मला हे चालणार नाही.”

पुढे कुणी बोलले नाही. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारी बंद ज्योतीची यंत्रे परदेशांत फिरत्या घरांसाठी मिळतात, ती सुरक्षित असतात. पण ती बसवावी जाणत्यानेच, आणि पुढे त्यांची दुरुस्ती करणारा माणूसही जवळ हवा. आमच्या आटोक्यात ते नव्हते. वर्षातले चार महिने हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

तो सुटला माळ्यावर. पावसाळ्यापूर्वी माळा आवरताना आईच्या संसारातला तांब्याचा बंब खाली आला. तोटी गळत होती, अंगावर पोचे होते, पण टाकवेना. नीट करून कोपऱ्यात शोभेला ठेवू म्हणून मी तो कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेलो. पेशवाईपासून तेथे तांब्यावर हातोडे पडत आहेत. कारागिराने बंब उलटा-सुलटा केला, मधल्या नळकांड्यात डोळा लावून पाहिले आणि म्हणाला, “चांगला आहे की. इथं खाली जाळीवर कोळसा, हा मधून धूर जायचा, आणि भोवतीनं पाणी. बाहेर जाणाऱ्या धुराकडनंसुद्धा पाणी आपलं तापवून घेतंय बघा.” मग हसून म्हणाला, “गाडीत बसवता का? धूर आहेच की तिचा!”

तो थट्टेत बोलला. मी मात्र रिक्षात बसल्यावर विचार करू लागलो. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी बंब असेल, निदान आजोळी तरी असेल. पहाटे काटक्या, गोवऱ्या, नारळाची शेंडी जे हाती लागेल ते त्यात जायचे. बंबासाठी कुणी मुद्दाम जळण विकत आणीत नसे. घरात जे टाकून द्यायचे त्यावर तो पेटे. आमच्या बंबात गार पाणी नळीने तळाशी जाई आणि वरच्या तोटीतून कढत बाहेर पडे. एक तांब्या विसणाचा आत ओता, एक तांब्या कढत घ्या. साठवण आणि तापवण दोन्ही एकाच भांड्यात.

आता गाडीचे पाहा. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेतून ढोबळमानाने एकतृतीयांश गाडी ढकलण्याच्या कामी येते. बाकीची धुराबरोबर आणि रेडिएटरवाटे हवेत जाते. इंजिनाभोवती खेळणारे पाणी ८०-९० अंशांवर असते, आणि ते निवविण्यासाठी आपण पुढे पंखा लावतो. म्हणजे मागे आंघोळीला पाणी नाही म्हणून आम्ही कुडकुडत होतो, आणि पुढे तीच ऊब पंख्याने वारा घालून उधळीत होतो! लहान बोटींवरचे लोक ही ऊब फार दिवसांपासून वापरीत आले आहेत. आम्हांला ती बंबाने दाखविली.

भोसरीच्या एका लहान कारखानदाराकडून चिरंजीवांनी चाळीस लिटरांचे पोलादी भांडे करवून घेतले. न गंजणारे पोलाद, आत तांब्याच्या नळीचे वेटोळे. गाडीतील हवा उबदार करणाऱ्या हीटरकडे जाणाऱ्या नळ्यांना फाटा काढून इंजिनाचे गरम पाणी त्या वेटोळ्यातून फिरवून परत पाठविले. ते पाणी वेटोळ्यातच राहते, आंघोळीच्या पाण्यात मिसळत नाही. हे महत्त्वाचे, कारण इंजिनाच्या पाण्यात ग्लायकॉल असते, ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी. म्हणून भांडे बसविण्यापूर्वी वेटोळ्यात दाबाने पाणी भरून ते रात्रभर ठेवले आणि दाब उतरत नाही ना ते पाहिले. इंजिनातले पाणी कारणावाचून कमी होऊ लागले तर ते भांडे तत्काळ बंद करायचे, आणि गरम नळाचे पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला कधीही घ्यायचे नाही, असा आमच्याकडे आता नियम आहे.

भांड्याच्या भोवती दोन इंच जाडीचा फेसाचा थर दिला. पूर्वी भाताचे पातेले गोधडीत गुंडाळून ठेवीत, त्यातलाच प्रकार. त्यावर दाब वाढल्यास आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसविला. तो नसला तर भांडे नव्हे, बॉम्ब होतो. पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेले की फुगते. चाळीस लिटरांत एक लिटरहून अधिक वाढ होते, आणि बंद भांड्यात ती जाणार कोठे? गार पाण्याच्या वाटेवर उलट न जाऊ देणारी एक झडपही लागली, नाहीतर कढत पाणी मागे सरकून गार टाकीत शिरते. जेथे विजेची सोय आहे अशा तळासाठी भांड्यात आठशे वॅटची एक कांडीही ठेवली. अडीच तासांत ती काम उरकते.

आणि एक वस्तू आमच्या सौ.ला सर्वांत आवडली. गार-गरम पाणी आपल्या आपण मिसळून ठरलेल्या उबेचेच पुढे सोडणारा व्हॉल्व्ह. “म्हणजे विसण घालणारा!” ती म्हणाली. त्याचे तेच नाव पडले. भांड्यातले पाणी सत्तर-ऐंशी अंशांचे असते. म्हाताऱ्या किंवा लहान मुलाच्या कातडीला ते क्षणात भाजू शकते. मग भांड्यातच पाणी कोमट का ठेवू नये, असे कुणी विचारील. कोमट पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवले तर त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. साठ अंशांच्या वर ते टिकत नाहीत. म्हणून साठवावे कढत आणि वापरावे ऊन. आपल्या आज्यांनी हे जंतूंचे नाव न ऐकताच केले.

गरम पाण्याचा बंदोबस्त झाला, पण मुळात पाणीच साठ लिटर असेल तर तापवायचे काय? जुनी टाकी मागच्या चाकांच्याही मागे, शेवटच्या बिछान्याखाली होती. पाणी म्हणजे लिटराला किलो. गाडीच्या शेपटाला टाकलेले वजन पुढची चाके हलकी करते, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळून गाडीला झोका देते. आता साठ-साठ लिटरांच्या दोन टाक्या, आत आडवे पडदे असलेल्या, दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये, डावी-उजवीकडे सारख्या आणि होईल तितक्या खाली बसविल्या. या शंभर किलोंच्या वाढीव वजनासाठी दूरदर्शन-संच, मायक्रोवेव्ह आणि एक जड लाकडी कपाट गाडीतून उतरले. मग पाणी भरून, माणसे बसवून वजनकाट्यावर नेऊन खात्री केली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. आधी केले आणि मग विचारले, यात शहाणपण नाही.

टाक्या खाण्यापिण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या. वर्षातून दोनदा त्या निर्जंतुक करतो: पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, लिटराला एक मिलिलिटर, काही तास ठेवून सारे नळ सोडून द्यायचे आणि वास जाईपर्यंत टाक्या धुवायच्या. पंपापूर्वी जाळी आहे. भांड्यापासून नळापर्यंतची नळी बारीक व आखूड केली. कारण जाड, लांब नळीत अर्धा लिटर पाणी गार होऊन पडलेले असते, आणि गरम येईपर्यंत ते वाया जाते. घरात अर्ध्या लिटराकडे कुणी पाहत नाही. बिऱ्हाडात तो अर्धा लिटर भांडी घासायला उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना मान खाली जाते. गेल्या वर्षी न्हाणीचे पाणी आम्ही एका नळीने सरळ जमिनीवर सोडले होते. तेल, उटणे आणि साबण यांचा तो ओघळ उतारावरून धरणाकडे निघाला. शेतमालक दूध घेऊन आले होते. त्यांनी पाहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, “दादा, जनावरं पितात हो तिथं.” एवढेच. आम्ही ज्या पाण्याचे सौंदर्य पाहायला इतक्या लांबून आलो होतो, ते त्यांच्या गुरांच्या पिण्याचे आणि शेताचे पाणी होते. आमचे नरकात जाणे तेल-उटण्यापुरते थट्टेचे. पण हे मात्र खरे पाप होते. म्हणून या वर्षीच्या फेरफारात सांडपाण्याची ऐंशी लिटरांची टाकी गाडीखाली आली. तिचा एक मजेदार गुण असा, की वरच्या टाक्या जितक्या हलक्या होतात तितकी ती जड होते. त्यामुळे गाडीचे एकूण वजन तेच राहते. ती शहरात आणून घरच्या मोरीत रिकामी करतो. नळ सोडताना तेच पाणी आपल्याला परत वाहून न्यायचे आहे, हे लक्षात असले की हात आपोआप आवरतो.

कोजागिरीला परीक्षा घ्यायची ठरली. “फक्त दुधाला चल, रात्री परत येऊ,” असे म्हणून आईला गाडीत बसविले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला थाप मारणे सोपे नसते. पण ती काही बोलली नाही, आणि पिशवीत तिने बदलायचे लुगडे आधीच घेतलेले होते, हे मागाहून कळले.

हिंजवडीपाशी नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली. एरवी चिरंजीव अशा वेळी शहररचनेवर व्याख्यान देतात. त्या संध्याकाळी ते भांड्याच्या उष्णतामापकाकडे पाहत शांत बसले होते. पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. इंजिन जागच्या जागी घरघरत होते आणि आमच्या आंघोळीचे पाणी तापत होते. त्या रांगेत तेवढ्यापुरते समाधानी असे एकच कुटुंब असेल.

शेतात पोचलो तेव्हा चंद्र चांगला वर आला होता. मसाल्याचे दूध झाले, गाणी झाली. रात्री नऊ वाजता भांड्यात ७४ अंश होते. बिऱ्हाड परत निघणार नव्हते हे आईने कधीच ओळखले होते. ती गोधडी घेऊन निजली. पहाटे साडेचारला मी उठून पाहिले: ६७. रात्रभर एक काडीही जळली नव्हती, बॅटरीची एक कवडीही खर्च झाली नव्हती.

न्हाणीतही एक बदल होता. फवारा तसाच ठेवून गुडघ्याच्या उंचीवर एक साधा नळ, भिंतीला घट्ट बसविलेली घडीची बैठक आणि हाताला धरायला दांडा. घर कोणतेही असो, चाकांवरचे की पायावरचे, ते त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या मापाने बांधावे, मग सगळ्यांनाच पुरते. आईने बैठकीवर हात दाबून पाहिला, नळ सोडून बोटांनी पाणी पाहिले, आणि दार ओढून घेतले. कडी लावली नाही. सूनबाईंनी तेवढे कबूल करून घेतले होते.

आत तांब्याचा आवाज येऊ लागला. एक, दोन, तीन... आम्ही पाचही जण बाहेर अंधारात उभे राहून ते तांबे मोजत होतो. गेल्या वर्षी चार झाले होते. सात झाले, आठ झाले, मग मोजायचे विसरलो.

पाण्याचे वाटप सांगायचे तर, हिशेबाने त्या चाळीस लिटरांतून विसण घालून नव्वदच्या वर लिटर ऊन पाणी निघते. प्रत्यक्षात गार पाणी आत येऊन मिसळत जाते, त्यामुळे शेवट शेवट धार कोमट होते. पाच आंघोळी फक्कड झाल्या. सहावी, म्हणजे ती कोमट, माझ्या वाट्याला आली. खर्च किती आला, हे सौ. हा अंक वाचणार असल्यामुळे येथे लिहीत नाही.

आई बाहेर येऊन केस पुशीत खुर्चीवर बसली. धरणावर धुके होते. चिरंजीवांना राहवेना. त्यांनी विचारले, “आजी, पाणी कसं होतं?”

“ऊन होतं,” ती म्हणाली.

एवढे महिने खपून, हिशेब करून, भोसरीला खेटे घालून मिळालेले हे प्रशस्तिपत्र. चिरंजीवांचा चेहरा थोडा उतरला. मी चहाचे आधण ठेवायला वळलो, तेव्हा ती मागून म्हणाली, “अरे, चतुर्दशीला येताना कारीट इथं मिळायची नाहीत. मंडईतूनच घेऊन ठेव. आणि उटणं जरा जास्त आण या वर्षी.”

मी मान वळविली नाही, नुसते “बरं” म्हटले. आधणाची वाफ डोळ्यांत जात होती.